बुजली की बुजवली? : पर्यावरणाच्या पाठाची एक चिकित्सा

ज्या पुस्तकांची आपल्याकडे समीक्षा होते ती फार थोडे लोक वाचतात, आणि जी पुस्तके लाखो घरांत रोज उघडली जातात त्यांची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. एखाद्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या तरी त्यावर परिसंवाद झडतात. शालेय पाठ्यपुस्तक मात्र जून महिन्यात घरात येते, त्याला खाकी कागदाचे कव्हर घातले जाते, चाचणी, सहामाही, वार्षिक अशा पायऱ्या ते चढते आणि मे महिन्यात रद्दीच्या गठ्ठ्यात किंवा शेजारच्या मुलाच्या दप्तरात जाते. पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना १९६७ साली झाली. तेव्हापासून 'बालभारती'ने मराठी मनात जेवढी वाक्ये पेरली तेवढी आपल्या थोरामोठ्या लेखकांनीही पेरली नसतील. अशा लेखनाला साहित्यविचाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही.

प्रस्तुत लेखात त्या विस्तीर्ण लेखनातील एकाच प्रकाराचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे पर्यावरणाचा पाठ. इयत्ता कोणतीही असो, माध्यम कोणतेही असो, हा पाठ आपल्या मुलांना भेटतोच. कथा-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो तेच या पाठालाही विचारून पाहावेत. येथे कोण बोलत आहे? कोणाला उद्देशून बोलत आहे? घटना घडते ती कोणामुळे? आणि जाणूनबुजून वा सवयीने काय सांगावयाचे टाळले आहे?

हा पाठ दप्तरात कसा आला हे प्रथम पाहू. तो शासनाच्या स्वयंस्फूर्तीने सार्वत्रिक झाला नाही. न्यायालयाच्या आदेशाने झाला. एम. सी. मेहता या वकिलांनी केलेल्या जनहित याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवला जावा असे सांगितले. बारा वर्षे लोटली तरी अनेक राज्यांत फारसे काही हलले नाही. तेव्हा १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, जिला आपण एन.सी.ई.आर.टी. म्हणून ओळखतो, तिने पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करावा आणि राज्यांनी तो अमलात आणावा, असे त्यात म्हटले होते.

जी गोष्ट मनापासून स्वीकारली जात नाही ती विधी म्हणून पार पाडली जाते. पर्यावरणाचे तसेच झाले. मुख्य विषयांच्या पंगतीत त्याला पाट मिळाला नाही. श्रेणीपुरता, प्रकल्पवहीपुरता तो उरला. पालकांनी स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रांचे तक्ते आणावेत, 'झाडे वाचवा' हे ब्रीद लिहिण्यासाठी कार्डपेपर आणि थर्माकोल यांचा ढीग लावावा, शिक्षकांनी मार्चअखेरीस सह्या कराव्यात, असा तो वार्षिक सोहळा झाला. पण हा दोष अंमलबजावणीचा म्हणून सोडून देता येईल. आमचा आक्षेप त्याहून खोल आहे. पाठ मन लावून शिकवला गेला तरी तो काय शिकवतो, हा खरा प्रश्न आहे.

पुढील वाक्ये कोणत्याही एका पुस्तकातील नाहीत. धाटणी दाखवण्यासाठी आम्हीच ती रचली आहेत. परंतु वाचकांना ती ओळखीची वाटतील. 'जंगले तोडली जातात. नद्या दूषित होतात. डोंगर बोडके झाले. विहिरी आटल्या. तलाव बुजले. म्हणून आपण सर्वांनी झाडे लावली पाहिजेत.' मराठीच्या तासाला हाच विद्यार्थी 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न सोडवतो. कर्तरी, कर्मणी, भावे यांतील भेद तो पाठ करतो. मात्र पर्यावरणाच्या तासाला त्याला कोणी विचारीत नाही की, बाळा, या वाक्यांतला कर्ता कोठे गेला? 'जंगले तोडली जातात' या वाक्यात तोडणारा पडद्याआड आहे. 'नद्या दूषित होतात' येथे तर नदीच कर्ता होऊन बसली. जणू वयोमानाने केस पिकावेत तशी ती आपोआप दूषित झाली.

आपली भाषा या बाबतीत फार सूक्ष्म आहे. आटणे आणि आटवणे, तुटणे आणि तोडणे, बुजणे आणि बुजवणे अशा जोड्या तिने आपल्याला दिल्या आहेत. वसईच्या वाड्यांतील बावखले घ्या. पावसाचे गोडे पाणी साठवणारी, आसपासच्या विहिरींना ओलावा पुरवणारी, शिंपण्याला आणि गुरांना उपयोगी पडणारी ही तळी पूर्वजांनी खोदली आणि राखली. आज त्यांतील कित्येकांच्या जागी भराव आहे. 'बावखले बुजली' असे म्हटले की तो काळाचा महिमा ठरतो. 'बावखले बुजवली' असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या ओठांवर प्रश्न येतो : कोणी? फरक एका 'व'चा आहे. पण त्या 'व'मागे भरावाचा ट्रक आहे, त्या ट्रकाला दिसूनही न थांबवणारे कार्यालय आहे, आराखड्यावरचा रंग बदलणारी सही आहे, आणि जमिनीचा वधारलेला भाव आहे. पाठ्यपुस्तकाची सारी धडपड हा 'व' टाळण्याकडे असते.

याच्या जोडीला आणखी एक शब्द येतो, तो म्हणजे 'आपण'. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हणताना तो सामावला जातो. इंग्रजीला ही सोय नाही. पर्यावरणाचा पाठ सदैव 'आपण' वापरतो. आपण पाण्याची नासाडी करतो, आपण निसर्गावर अत्याचार केले, आपल्या हव्यासाने पृथ्वी तापली. ऐकावयास हे नम्र वाटते, प्रायश्चित्ताचा सूरही त्यात असतो. परंतु या एका 'आपण'मध्ये पहाटे चारला उठून दोन हंड्यांसाठी रांगेत उभी राहणारी बाई आहे, आणि ज्याच्या संकुलातील पोहण्याचा तलाव टँकरने भरला जातो तो गृहस्थही आहे. ज्याची वाडी गेली तोही 'आपण' आणि ज्याने घेतली तोही 'आपण'. अपराध सर्वांत समान वाटून टाकला की कोणाच्याच वाट्याला तो येत नाही. मग उपायही तसेच सुचतात. दात घासताना नळ बंद ठेवा, कागदाच्या दोन्ही बाजूंवर लिहा, वाढदिवसाला रोप लावा. हे उपाय चुकीचे आहेत असे नाही. आम्हीही घराघरांत तेच सांगू. पण ज्या मुलाच्या घरी नळालाच पाणी नाही त्याला नळ बंद करण्याचा उपदेश करणाऱ्या पुस्तकाने, पाणी कोठे वळवले गेले हेही सांगणे न्यायाचे ठरेल.

येथे कोणी म्हणेल की आमच्या मुलांच्या पुस्तकात चिपको आंदोलन आहेच की! आहे, आणि ते असावयास हवे. पण ते कसे आहे ते पाहा. डोंगरातील भोळ्या स्त्रिया झाडांना मिठ्या मारतात, तोडणारे परत जातात, निसर्गप्रेमाचा विजय होतो. तोडणारे कोण होते? १९७३ साली गढवालमधील मंडल येथे गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाला शेतीची अवजारे बनवण्यासाठी अंगू झाडांचे लाकूड वनखात्याने नाकारले. तीच झाडे मैदानी प्रदेशातील सायमंड्स कंपनीला, खेळाचे साहित्य बनवण्यासाठी देण्यात आली. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही आणि खेळाच्या साहित्याला आहे, हा तो प्रश्न होता. पुढे २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात ठेकेदाराची माणसे आली तेव्हा गावातील पुरुष भरपाईच्या कामासाठी चमोलीला गेलेले होते, म्हणून गौरादेवी आणि इतर स्त्रिया पुढे झाल्या. वनखात्याचा लिलाव, कंपनीची मागणी, रानावर कोणाचा हक्क हा वाद, हे सर्व गाळले की उरते ते केवळ एक सुंदर चित्र.

आणि त्या रेणीची पुढची हकिकत? ७ फेब्रुवारी २०२१ रोजी हिमकडा व खडक कोसळून ऋषिगंगा नदीला महापूर आला. रेणीजवळील जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, खाली तपोवन येथील प्रकल्पाच्या बोगद्यात मजूर अडकले, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ज्या गावाचे नाव भारतातील शाळकरी मुलांना ठाऊक आहे त्याच गावाच्या उशाशी एवढे मोठे बांधकाम कसे उभे राहिले, हिमालयातील अशा नद्यांवर प्रकल्पांना परवानगी कोणी व कोणत्या अभ्यासावर दिली, हा खरे तर चिपकोच्या पाठाचा उत्तरार्ध होय. तो शिकवला तर पाठ पूर्ण होईल.

पण घडते ते उलट. २०२२ साली एन.सी.ई.आर.टी.ने करोनाकाळानंतर मुलांवरील ओझे कमी करावयाचे म्हणून पुस्तकांची काटछाट केली. दहावीच्या विज्ञानातून नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचे प्रकरण गेले. बारावीच्या राज्यशास्त्रातून लोकचळवळींच्या उदयाचे प्रकरण गेले. त्यात चिपको आणि नर्मदा बचाव ही दोन्ही आंदोलने होती. दहावीच्या राज्यशास्त्रातून लोकसंघर्षांचे प्रकरण गेले. त्या प्रकरणात बोलिव्हिया देशातील कोचाबांबा शहराची कथा होती. तेथे शहराचा पाणीपुरवठा परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे सोपवला गेला, पाणीपट्टी भरमसाट वाढली, २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि शासनाला करार रद्द करावा लागला. पाणी हा निसर्गाचा विषय असतानाच तो कराराचा, भांडवलाचा आणि मताधिकाराचाही विषय आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा रीतीने सांगणारी ती कथा होती.

मुलांच्या पाठीवरील ओझे हलके व्हावे याविषयी दुमत नाही. पण बोट हलकी करताना वल्ही पाण्यात टाकली आणि वाळूच्या गोण्या ठेवल्या, तर नावाड्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा राहते. निसर्गावर प्रेम करा हे सांगणारी पाने राहिली. निसर्गासाठी माणसे कोणाशी भांडली हे सांगणारी पाने वगळली गेली. ही पुस्तके आपल्या गावोगावच्या केंद्रीय मंडळाच्या शाळांतून चालतात, त्यामुळे तो दूरचा प्रश्न नव्हे.

असे का होते याचे उत्तर शोधण्यासाठी फार खोल जावे लागत नाही. पुस्तक छापणारे शासन आणि धरणाला, खाणीला, बंदराला, नगररचनेच्या आराखड्याला मंजुरी देणारे शासन, ही एकाच घराची दोन दालने आहेत. एका दालनात जी सही होते तिची चिकित्सा दुसऱ्या दालनातील लेखकाने करावी, ही अपेक्षा अवघड आहे. हे कोणा एका पक्षाचे वैगुण्य नाही. सत्तेवर कोणीही असो, मुलाने झाड लावावे हे सर्वांना चालते. ते झाड कोणाच्या परवान्याने तुटले हे त्याने विचारलेले कोणालाच आवडत नाही.

शासनाच्या बरोबरीने आर्थिक सत्ताही शाळेत शिरते, आणि तिचे पाऊल अधिक हलके असते. अमेरिकेतील ओक्लाहोमा हे राज्य तेल व वायू उत्पादनाचे. तेथे तेलउद्योगाच्या पैशावर चालणारे एक मंडळ शाळांना मोफत शैक्षणिक साहित्य पुरवते, शिक्षकांची शिबिरे घेते. त्याच्या बालपुस्तकातील पेट्रो पीट नावाच्या मुलाला एक वाईट स्वप्न पडते आणि त्यात पेट्रोलियमपासून बनलेल्या साऱ्या वस्तू नाहीशा होतात. गोष्टीत एकही खोटे विधान असण्याची गरज नाही. तेलाशिवाय जग किती अडते हे सांगायचे आणि तेलाने जग किती तापते हे सांगायचे नाही, एवढेच पुरेसे आहे. साहित्य फुकट, शाळा गरीब, शिक्षक कामाने दमलेले. मग नाही कोण म्हणणार?

आपल्याकडेही वारे त्याच दिशेचे आहेत. १८ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना जाहीर केली. ठरावीक देणगी देणाऱ्या उद्योगसमूहाचे नाव काही वर्षे सरकारी शाळेला जोडता येईल, अशी तरतूद तिच्यात होती. त्याआधी २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडून दिले होते. आम्ही देणगीचा अनादर करीत नाही. आपल्या धर्मग्रामांतील शाळा दानशूरांच्या घामावरच उभ्या राहिल्या. पण पूर्वीचा दाता गावाचा असे आणि त्याचे नाव फार तर खोलीच्या दारावरील संगमरवरी पाटीवर येई. ज्या कारखान्याचे सांडपाणी खाडीत जाते त्याच कारखान्याचे नाव शाळेच्या कमानीवर आले, तर त्या शाळेतील शिक्षक खाडीवरचा पाठ कोणत्या आवाजात शिकवील?

वसईकडे वळताना हा प्रश्न अधिक जवळचा होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हरित पट्टा बांधकामास खुला होऊ लागला. १९९० साली सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. २००९ साली महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली दिसते. या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिने पाण्याचा उपसा करणाऱ्या टँकरांना आणि वाड्या गिळणाऱ्या बांधकामांना विरोध केला. फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्यांच्या कार्याचे अनेक अंगांनी मूल्यमापन होईल. आम्हास येथे एकच अंग सांगावयाचे आहे. ती चळवळ ही वसईतील एक मोठी शाळा होती. ज्यांनी चौथीच्या पुढे शिक्षण घेतले नव्हते अशा बायाबापड्या तेथे 'ना विकास क्षेत्र' म्हणजे काय, आराखड्यावरील हिरवा रंग आणि पिवळा रंग यांत काय फरक, भूजल कोठून येते आणि कोठे जाते, हे शिकल्या. त्यांच्या वाक्यांना कर्ता होता.

त्याच काळात आमच्या शाळांच्या पुस्तकांतील वाक्यांना मात्र तो मिळाला नाही. मुले वर्गात 'आपला परिसर' वाचत होती आणि खिडकीबाहेरचा परिसर बदलत होता. पुढे त्या शाळाही बदलल्या. वाडीचे पैसे झाले, पैशातून इंग्रजी माध्यमाची फी आली, मराठी वर्गांची पटसंख्या उतरू लागली. नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि 'हाकेच्या अंतरावर आंतरराष्ट्रीय शाळा' ही सारी एकाच ओळीत छापली जाऊ लागली. शाळा ही जमिनीच्या विक्रीतील एक आकर्षण ठरली. जी शाळा अशा संकुलामुळे जन्मली, ती आपल्या पायाखालील जमीन कालपरवापर्यंत काय होती हे मुलांना सांगेल, अशी आशा धरणे कठीण आहे. जमिनीचा भाव शाळेची जागा ठरवतो, शाळेचे माध्यम ठरवतो, आणि शेवटी पाठात काय असावे आणि काय नसावे हेही ठरवतो, ही साखळी ओळखल्याशिवाय शिक्षण आणि पर्यावरण हे दोन वेगळे प्रश्न आहेत असा भ्रम टिकून राहतो.

भाषेचाही येथे संबंध आहे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणीची तरतूद आहे आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. २०२० साली केंद्राने नवा मसुदा काढला. त्यात ही मुदत वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता आणि हरकती मागवताना मसुदा प्रसिद्ध केला गेला तो हिंदी व इंग्रजीत. ज्यांच्या गावात प्रकल्प यावयाचा त्यांच्या भाषेत तो नव्हता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातील सर्व बावीस भाषांत अनुवादित करण्याचा आदेश दिला. आम्ही मुलांना साक्षर करतो असे म्हणतो. पण ज्या कागदावर गावाचे भवितव्य लिहिले जाते तो वाचण्याची साक्षरता कोणत्या इयत्तेत येते? दहावी झालेल्या मुलाला त्रिकोणमिती येते. घरचा सातबारा वाचता येत नाही.

यावर प्रामाणिक आक्षेप आहेत आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला असा की, शाळेत राजकारण आणू नये. दुसरा असा की, कोवळ्या मनांत रोष आणि भय का पेरावे? पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर असे, की कर्ता वगळणे हेही राजकारणच आहे; फक्त ते दिसत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाचा क्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यातील पाचवे प्रकरण राजकारण आणि अर्थकारण यांच्याशी संवाद साधते, आणि मगच सहावे प्रकरण पर्यावरणीय शिक्षणाकडे वळते. सवयी सुधारण्याचा उपदेश तेथेही आहे, परंतु तो सत्तेला प्रश्न विचारून झाल्यावर येतो.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आपल्या घरातच आहे. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण लहान मुलांना सांगतोच ना? अहाब राजाला राजवाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. नाबोथ वाडवडिलांचे वतन विकण्यास नकार देतो. मग ईजबेल राजाच्या नावाने पत्रे लिहिते, त्यांवर राजमुद्रा उमटते, गावचे वडीलधारे सभा बोलावतात, साक्षीदार उभे राहतात, आणि नाबोथाला दगडांनी मारले जाते. सारे कागदोपत्री नियमाला धरून! ही कथा आपल्या पर्यावरणपाठाच्या शैलीत लिहिली असती तर तिचे एकच वाक्य झाले असते : 'इज्रेल येथील एक द्राक्षमळा नष्ट झाला.' पण पवित्र शास्त्राने राजाचे नाव घेतले, राणीचे घेतले, मुद्रेचा उल्लेख केला, आणि एलीयाला थेट त्या मळ्यात राजासमोर उभे केले. शतकानुशतके मुलांनी ती कथा ऐकली. ती ऐकून मुले भयभीत झाली नाहीत. न्याय म्हणजे काय ते शिकली.

कर्ता शोधावयास शिकवणारी शाळा आपल्या देशात अशक्यही नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो शेकडो शाळांत नेला. मुले शेतात जात, माती, पिके, किडे पाहत, प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढीत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून लिहीत. साध्या सरकारी शाळांतील शिक्षकांनी तो तीस वर्षे चालवला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. सुरू करण्यास तीन दशकांचे श्रम लागले, थांबवण्यास एक आदेश पुरला. ज्यांना शिक्षणात राजकारण दिसत नाही त्यांनी या आदेशाचा विचार करावा.

म्हणून सारी भिस्त पाठ्यपुस्तकावर टाकून चालणार नाही. ते बदलावे यासाठी पालक-शिक्षक संघांनी, साहित्य मंडळांनी, आपल्या संस्थाचालकांनी लिहीत राहावेच. पण तोपर्यंत शिक्षकाला आणि पालकाला कोणाच्या परवानगीची वाट न पाहता एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. पाठ वाचून झाला की मुलाला प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावयास सांगावे. प्रकल्पवहीसाठी दुकानातील चित्रे आणण्याऐवजी आजी-आजोबांकडून गावातील बावखलांची, विहिरींची, पाणंदींची नावे उतरवून घ्यावीत. घरचा सातबारा आणि गावाचा विकास आराखडा एकदा तरी एकत्र बसून वाचावा. त्या यादीत प्रत्येक नावापुढे एकच रकाना असावा आणि त्यात मुलाने स्वतः चौकशी करून, वडीलधाऱ्यांना विचारून, एक शब्द लिहावा : आहे, बुजले, की बुजवले. तिसरा शब्द लिहिला तर त्याच्यापुढे आणखी एक रकाना लागेल. तो कोरा राहू नये.